चुनखडकी पर्वतउतारांवरील मृदा

चुनखडकी पर्वतउतारांवरील मृदा म्हणजे चुनखडक, डोलोमाइट यांसारख्या कार्बोनेटी खडकांच्या तीव्र उतारांवर तयार झालेली उथळ, दगडगोट्यांनी भरलेली व बहुधा गडद रंगाची माती होय. या मृदेचा थर सामान्यतः वीतभर किंवा त्याहूनही कमी जाडीचा असतो आणि त्याखाली लगेच भेगाळलेला खडक लागतो. मृदाशास्त्रात तिचा प्रातिनिधिक प्रकार ‘रेंडझिना’ या नावाने ओळखला जातो. आल्प्स, बाल्कन प्रदेशातील दिनारिक पर्वत, भूमध्य समुद्राभोवतालच्या रांगा, दक्षिण चीनमधील कार्स्ट प्रदेश आणि हिमालयाच्या बाह्य रांगांमधील मसुरी व नैनिताल या परिसरांत ती आढळते.

ही मृदा गुणाने समृद्ध, परंतु प्रमाणाने अत्यल्प असते. तिच्यात कॅल्शियम व ह्यूमस विपुल असतो आणि तिची कणरचनाही उत्तम असते. तथापि एकूण मातीच इतकी थोडी असते की तीत पाणी फार काळ साठत नाही. चुनखडकापासून माती तयार होण्याचा वेग अतिशय मंद असल्यामुळे उतारावरून एकदा वाहून गेलेली माती मानवी कालमापनात पुन्हा तयार होत नाही. या मृदेच्या वापराविषयीचे व संधारणाविषयीचे बहुतेक प्रश्न या एका वस्तुस्थितीतून उद्‍भवतात.

नाव व वर्गीकरण

‘रेंडझिना’ हा शब्द पोलिश शेतकऱ्यांच्या बोलीतून मृदाशास्त्रात आला. उथळ व दगडाळ जमिनीत नांगर चालवताना फाळ दगडांवर घासून जो खडखडाट होतो, त्यावरून हे नाव पडले असे मानले जाते.

जागतिक मृदा संदर्भ आधार (वर्ल्ड रेफरन्स बेस) या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा मृदांचा समावेश प्रामुख्याने ‘लेप्टोसॉल’ या गटात होतो. ‘लेप्टोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पातळ’ असा आहे. पृष्ठभागापासून २५ सेंमी.च्या आत सलग कठीण खडक लागणाऱ्या, किंवा ज्यांत बारीक मातीचे प्रमाण अत्यल्प आहे अशा अतिशय दगडाळ मृदा या गटात येतात. लेप्टोसॉल हा जगातील सर्वाधिक क्षेत्र व्यापणारा मृदागट असून त्याचे क्षेत्र सुमारे १६५ कोटी हेक्टर आहे. अर्थात हे सर्व क्षेत्र चुनखडकाचे नाही. ग्रॅनाइट, बेसाल्ट व अन्य खडकांवरील उथळ मृदाही त्यात मोडतात. ज्या लेप्टोसॉलमध्ये गडद, ह्यूमसयुक्त थर थेट चुनखडकावर किंवा किमान ४० टक्के कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या द्रव्यावर वसलेला असतो, त्यांना ‘रेंडझिक’ हे विशेषण लावले जाते. अमेरिकी मृदावर्गीकरणात यांच्याशी मिळताजुळता उपगण ‘रेंडॉल’ हा असून तो मॉलिसॉल या गणात मोडतो.

निर्मिती

बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट यांसारख्या खडकांचे विदारण होते तेव्हा त्यांतील खनिजांचे रूपांतर मुख्यतः मृत्तिकेत होते. म्हणजे खडकाचा मोठा भाग मातीच्या रूपाने जागेवर उरतो. चुनखडकाचे तसे होत नाही. पावसाचे पाणी हवेतील व विशेषतः मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते. या पाण्याच्या संपर्काने कॅल्शियम कार्बोनेटाचे विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेटात रूपांतर होते व ते पाण्याबरोबर खडकाच्या भेगांतून निघून जाते. मागे उरतो तो फक्त खडकातील अविद्राव्य अंश, म्हणजे थोडी मृत्तिका, लोहाची ऑक्साइडे आणि सिलिकेचे कण. मातीचे खनिज शरीर मुख्यतः या अवशेषातून घडते.

हा अवशेष किती अल्प असतो हे साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एखादा चुनखडक ९८ टक्के शुद्ध आहे असे धरल्यास एक मीटर जाडीचा खडक संपूर्ण विरघळल्यावर दर चौरस मीटरमागे सुमारे ५४ किलोग्रॅम अवशेष उरेल आणि त्यापासून जेमतेम साडेचार सेंमी. जाडीची माती होईल. दमट समशीतोष्ण प्रदेशांत चुनखडक विरघळण्याचा वेग सर्वसाधारणपणे हजार वर्षांत २० ते १०० मिमी. एवढा असतो. त्यामुळे ही साडेचार सेंमी. माती साठण्यास दहा हजार ते पन्नास हजार वर्षे लागतील, आणि तीही वाटेत काहीच वाहून गेले नाही तर. खडक मार्लसारखा अशुद्ध, म्हणजे मृत्तिकामिश्रित असल्यास माती तुलनेने लवकर व अधिक जाडीची तयार होते. खडक जितका शुद्ध, तितकी माती दुर्मीळ, असा हा नियम आहे.

सर्वच माती खडकाच्या अवशेषातून येते असेही नाही. वाऱ्याबरोबर आलेली धूळ हा या मृदांचा दुसरा महत्त्वाचा घटक होय. भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडील चुनखडकी डोंगरांवरील मातीत सहारा वाळवंटातील धुळीचा वाटा असल्याचे खनिजांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. पालापाचोळा व मुळे यांपासून बनणारा ह्यूमस हा तिसरा घटक. उंच पर्वतांवर भेगांत शिरलेले पाणी गोठून प्रसरण पावते व खडक फोडते. या कणाकणाने सुटणाऱ्या डबरामुळे मातीत दगडगोट्यांचा पुरवठा सतत होत राहतो.

उताराचा प्रभाव

सपाटीवर साचत जाणारी माती तीव्र उतारावर टिकत नाही. गुरुत्वाकर्षण, पावसाच्या थेंबांचा आघात, पृष्ठवाहते पाणी, बर्फाचे गोठणे-वितळणे आणि जनावरांचे खूर या सर्वांमुळे ती सतत खाली सरकत असते. उतार शेकडेवारीत मोजण्याची पद्धत आहे. त्यानुसार ४५ अंशांचा उतार १०० टक्के, तर ३० अंशांचा उतार सुमारे ५८ टक्के होतो. सुटा डबर साधारणतः ३० ते ३७ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. त्याहून तीव्र उतारावर माती फक्त खडकाच्या भेगांत, खोबणींत व झाडांच्या मुळांच्या आधारानेच राहू शकते.

उताराचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. भरपूर पावसाच्या प्रदेशात मातीतील चुना हळूहळू धुपून तळाशी जातो व वरची माती आम्लधर्मी होऊ लागते. उतारावर मात्र वरची जुनी माती सरकत जाते आणि वरच्या कड्यांवरून सुटलेले चुनखडकाचे ताजे तुकडे तिच्यात मिसळत राहतात. त्यामुळे उतारावरील मृदा कायम ‘तरुण’ व चुनायुक्त राहते. याउलट त्याच डोंगरावरील सपाट खांद्यांवर व खोलगट भागांत चुना धुपून गेलेली, तपकिरी किंवा तांबडी, मृत्तिकायुक्त आणि अधिक खोल माती आढळते. भूमध्य प्रदेशात अशा तांबड्या मातीस ‘तेरा रोसा’ (इटालियन भाषेत ‘लाल माती’) म्हणतात. एकाच डोंगरावर शंभर पावलांच्या अंतरात काळी, तपकिरी व तांबडी अशा तीन मृदा दिसणे ही चुनखडकी प्रदेशांतील नित्याची बाब आहे.

उताराची दिशाही महत्त्वाची असते. उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतारांवर ऊन अधिक पडते; त्यामुळे तेथील माती लवकर कोरडी होते व ह्यूमसचे विघटन जलद होते. उत्तराभिमुख उतार थंड व ओलसर राहतात आणि त्यांवर दाट वने व जाड पालापाचोळा आढळतो.

मृदाछेद

या मृदेचा उभा छेद घेतल्यास त्यात बहुधा दोनच भाग दिसतात. वर गडद तपकिरी ते काळ्या रंगाचा, भुसभुशीत व मुळांनी विणलेला ह्यूमसचा थर आणि त्याखाली थेट भेगाळलेला चुनखडक किंवा त्याचा डबर. अन्य मृदांमध्ये या दोहोंच्या मध्ये जो विकसित थर असतो, तो येथे नसतो किंवा नाममात्र असतो. माती व खडक यांची सीमारेषाही सरळ नसते. पाण्याने विरघळून खडकात पन्हळी, खोबणी व भेगा तयार झालेल्या असतात आणि माती त्यांत उतरलेली असते. एका ठिकाणी पाच सेंमी.वर खडक लागतो, तर हातभर अंतरावरील भेगेत मुळे एक-दोन मीटर खोल गेलेली आढळतात. त्यामुळे अशा उताराची ‘सरासरी खोली’ हा आकडा फसवा ठरतो.

ऑस्ट्रियन मृदाशास्त्रज्ञ वाल्टर कुबिएना यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युरोपीय मृदांच्या वर्गीकरणात रेंडझिनाचे अनेक प्रकार मांडले. त्यांपैकी पुढील प्रकार उतारांवर विशेष आढळतात :

प्रोटोरेंडझिना : उघड्या खडकावर किंवा ताज्या डबरावर शैवाक (लायकेन), शेवाळ व विरळ गवत यांमुळे घडलेली प्राथमिक अवस्था. माती काही सेंमी. जाडीची व तुटक असते.

मलरेंडझिना : गांडुळांच्या क्रियेने ह्यूमस व मृत्तिका एकजीव झालेली, रवाळ कणरचनेची परिपक्व अवस्था. पानझडी वनांखाली ही उत्तम विकसित होते.

टँगेलरेंडझिना : उंच पर्वतांवरील थंड हवामानात विघटन मंद असल्यामुळे चुनखडकावर साचलेला अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर. याचा वरचा भाग खाली चुनखडक असूनही आम्लधर्मी असू शकतो.

भौतिक गुणधर्म व पाणी

कॅल्शियमचे आयन मृत्तिकेचे सूक्ष्म कण व ह्यूमस यांना परस्परांशी बांधून ठेवतात. त्यामुळे या मातीचे टिकाऊ, बाजरीच्या दाण्यांसारखे रवे बनतात. अशा मातीत हवा चांगली खेळते, पाणी झटकन मुरते व मुळांची वाढ सुलभ होते. पावसाच्या माऱ्याने हे रवे सहज फुटत नाहीत. म्हणून झाडोरा शाबूत असलेल्या चुनखडकी उतारावर तीव्र उतार असूनही पृष्ठवाहते पाणी आश्चर्य वाटावे इतके कमी असते.

पाणी मुरते, परंतु ते मातीत राहत नाही. मातीची जाडी २० सेंमी., त्यात दगडांचे प्रमाण निम्मे आणि उरलेल्या बारीक मातीची उपलब्ध जलधारणक्षमता १५ टक्के मानल्यास एकूण साठा फक्त १५ मिमी. होतो. उन्हाळ्यात झाडोरा दररोज सुमारे ४ मिमी. पाणी वापरतो असे धरले तर हा साठा चार दिवसांत संपतो. उरलेले पाणी भेगांतून थेट खाली जाते. वर्षाला दोन हजार मिमी. पाऊस पडणाऱ्या डोंगरावरही झाडे तहानलेली दिसतात, याचे कारण हेच.

खाली गेलेले पाणी मात्र वाया जात नाही. खडकाच्या वरच्या भेगाळ पट्ट्यात ते काही काळ थांबते, नंतर भुयारी मार्गांनी वाहते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. वरचा मातीचा पातळ थर व त्यावरील झाडोरा या भूजलसाठ्याचे जणू गाळणे व झडप म्हणून काम करतो. तो नष्ट झाल्यास पावसाळ्यात झरे गढूळ व उधाणलेले आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात.

दगडांची भूमिका दुहेरी असते. पृष्ठभागावर सुटे पडलेले दगड मातीस पावसाच्या थेंबांपासून वाचवतात, बाष्पीभवन कमी करतात आणि पाणी मुरण्यास मदत करतात. तेच दगड मातीत घट्ट रुतून पृष्ठभाग झाकला गेला, तर पाणी मुरण्याऐवजी त्यांवरून वाहते. त्यामुळे शेतातील दगड सरसकट वेचून टाकणे नेहमीच हितकारक ठरत नाही.

रासायनिक गुणधर्म

चुना असेपर्यंत या मृदेचा सामू बहुधा ७ ते ८.४ यांदरम्यान राहतो. आम्ल तयार झाले तरी चुना ते लगेच शमवतो. म्हणून आम्लवर्षणाचा परिणाम या मृदांवर ग्रॅनाइटी मृदांपेक्षा पुष्कळ कमी होतो. चुन्याचे अस्तित्व ओळखण्याची साधी कसोटी म्हणजे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकणे. चुना असल्यास कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येऊन माती फसफसते. डोलोमाइट मात्र थंड आम्लात सावकाश व क्षीणपणे फसफसते. त्याची पूड केल्यास क्रिया अधिक स्पष्ट दिसते. डोलोमाइटाच्या उतारांवरील मृदेत मॅग्नेशियमचे प्रमाण अधिक असते व तो खडक बऱ्याच वेळा वाळूसारखा भुगा होऊन सुटतो.

कॅल्शियमच्या या विपुलतेची दुसरी बाजू म्हणजे अन्य पोषकद्रव्यांची कोंडी होय. फॉस्फरस कॅल्शियमबरोबर अल्पविद्राव्य संयुगे बनवतो. लोह, मँगॅनीज व जस्त ही द्रव्ये मातीत असूनही वनस्पतींना सहज मिळत नाहीत. लोहाच्या अभावी कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यास चुनाजन्य हरितरोग किंवा ‘केवडा’ म्हणतात.

वनस्पती व जीवसृष्टी

चुनायुक्त मृदेत वाढणाऱ्या वनस्पतींस चूनाप्रिय, तर तीत न टिकणाऱ्या वनस्पतींस चूनाद्वेषी म्हटले जाते. चूनाप्रिय वनस्पती लोह मिळवण्यासाठी मुळांतून आम्ले स्रवतात, तर गवते लोहास बांधून आणणारी विशिष्ट संयुगे स्रवतात. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्झ उंगर यांनी १८३६ मध्ये टिरोल प्रांतातील किट्झब्यूल परिसरातील वनस्पतींचा खडकांशी असलेला संबंध मांडला, तेव्हापासून हा विषय वनस्पतिभूगोलात अभ्यासला जात आहे. आल्प्समध्ये ऱ्होडोडेंड्रॉनची एक जाती (ऱ्होडोडेंड्रॉन हिर्सुटम) चुनखडकावर, तर तिची जवळची आप्त जाती (ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम) आम्लधर्मी मातीत वाढते. फुललेल्या झुडपांवरून खालचा खडक ओळखता यावा, इतका हा भेद स्पष्ट असतो. मात्र चुनखडकावर आम्लधर्मी पाल्याचा जाड थर साचल्यास दुसरी जातीही तेथे आढळू शकते.

पश्चिम हिमालयात हिमालयी सुरू (क्युप्रेसस टोरुलोसा) हा वृक्ष चुनखडकी उतारांचे लक्षण मानला जातो. नैनिताल, मसुरी व चक्राता परिसरात अन्य वृक्षांना तग धरता येणार नाही अशा उभ्या, जवळजवळ उघड्या खडकांवरही त्याची मुळे भेगांत शिरून राहतात.

प्राण्यांपैकी गांडुळे, वाणी (मिलिपीड) व गोगलगाई या मृदेत विशेष संख्येने आढळतात. गोगलगाईंना कवचासाठी लागणारे कॅल्शियम येथे मुबलक मिळते. पाल्याचे ह्यूमसमध्ये रूपांतर करण्याचे काम प्रामुख्याने हेच जीव करतात.

धूप व खडकाळ ओसाडीकरण

वृक्षतोड, अनिर्बंध चराई, वणवे व उभ्या उतारावरील नांगरणी यांमुळे झाडोऱ्याचे संरक्षण गेले की या मृदेचा ऱ्हास दोन मार्गांनी होतो. काही माती उतारावरून खाली वाहून जाते आणि काही खडकाच्या रुंदावलेल्या भेगांतून भूमिगत पोकळ्यांत उतरते. उरतो तो पांढरा-करडा, पन्हळी पडलेला उघडा खडक. या प्रक्रियेस खडकाळ ओसाडीकरण म्हणतात. वाळवंटाप्रमाणे यात पाऊस कमी झालेला नसतो. पाऊस धरणारी मातीच गेलेली असते.

दक्षिण चीनमधील ग्वेजो, युनान व ग्वांगशी या प्रांतांत ही समस्या तीव्र आहे. तेथे दाट लोकवस्तीमुळे शेतकरी खडकांच्या मधल्या ओंजळभर मातीतही मका पेरत आले. चीन सरकारने २००८ मध्ये १०० परगण्यांत त्यावरील प्रायोगिक उपाययोजना सुरू केली. स्लोव्हेनिया व इटली यांच्या सीमेवरील ‘क्रास’ पठार हे युरोपातील जुने उदाहरण होय. ‘कार्स्ट’ ही संज्ञा याच प्रदेशाच्या नावावरून आली. शतकानुशतकांच्या तोडीने व चराईने तो प्रदेश दगडी माळ बनला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे काळ्या पाइन वृक्षाची (पायनस नायग्रा) लागवड मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली व आज त्याचा बराच भाग पुन्हा वनाच्छादित आहे. माती पूर्ववत जाड झालेली नसली, तरी सावली व पालापाचोळा यांमुळे ह्यूमसचा थर पुन्हा बनू लागला आणि स्थानिक पानझडी वृक्षांना जागा मिळाली.

मसुरी टेकड्यांचे उदाहरण

भारतात या मृदांचा प्रश्न सर्वाधिक चर्चिला गेला तो उत्तराखंडातील मसुरी टेकड्या व त्यांच्या पायथ्याची दून खोरी या प्रदेशात. या टेकड्या ‘क्रोल’ मालेतील चुनखडक व डोलोमाइट यांच्या बनलेल्या आहेत. या मालेचे नाव हिमाचल प्रदेशातील सोलनजवळच्या क्रोल डोंगरावरून पडले आहे. येथे वर्षाला २,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांतच कोसळतो. डेहराडूनजवळील सहस्रधारा येथे चुनखडकातून झिरपणाऱ्या असंख्य धारा व त्यांनी साचवलेले चुन्याचे थर दिसतात.

येथील चुनखडक उच्च शुद्धतेचा असल्यामुळे त्याच्या उघड्या खाणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्या. खाणीसाठी आधी झाडोरा व मातीचा पातळ थर खरवडला जाई आणि निरुपयोगी डबर उतारावरून खाली लोटला जाई. त्यामुळे खाणीची जागाच नव्हे, तर तिच्या खालचा उतारही गाडला जात असे. पावसाळ्यात हा डबर ओढ्यांतून वाहून शेतांत व नदीपात्रांत पसरे. झरे आटू लागले व भूस्खलने वाढली.

१९८३ मध्ये डेहराडून येथील रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र या संस्थेने याविषयी सर्वोच्च न्यायालयास पत्र पाठवले आणि न्यायालयाने ते रिट याचिका म्हणून स्वीकारले. तज्ज्ञ समितीने खाणींची तीन गटांत विभागणी केली. १२ मार्च १९८५ रोजी दिलेल्या आदेशात न्यायालयाने सर्वाधिक घातक गटातील व मसुरी नगरपालिका हद्दीतील खाणी कायमच्या बंद करण्यास सांगितले. पर्यावरण व परिस्थितिकीय समतोल यांविषयीचे हे देशातील अशा प्रकारचे पहिलेच प्रकरण असल्याचे न्यायालयाने नमूद केले. खाणबंदीमुळे बेकार होणाऱ्या कामगारांना शक्य तितक्या प्रमाणात वनीकरण व मृदासंधारणाच्या कामांत सामावून घ्यावे, असेही आदेशात म्हटले होते. १९८८ मध्ये न्यायालयाचा पुढील निर्णय आला, तर १ फेब्रुवारी १९८९ रोजी केंद्र सरकारने दून खोऱ्यातील उद्योग व खाणकाम यांवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली.

उघड्या पडलेल्या उतारांच्या पुनरुज्जीवनाचे काम दोन आघाड्यांवर झाले. प्रादेशिक सेनेची १२७ वी (पर्यावरणीय) पलटण गढवाल रायफल्सशी संलग्न असून तिची उभारणी १९८२ मध्ये झाली. माजी सैनिकांच्या या पलटणीने मसुरी टेकड्यांवर वृक्षलागवड केली. दुसरीकडे, डेहराडून येथील केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेने सहस्रधारेजवळील ६४ हेक्टर खाणग्रस्त पाणलोटात प्रात्यक्षिक हाती घेतले. ओढ्यांवर तारेच्या जाळीत दगड भरलेले (गॅबियन) बांध घालणे, उघड्या उतारांवर तागाची जाळी अंथरणे आणि निर्गुंडी, सुबाभूळ, भाबर व केरसुणीचे गवत यांसारख्या काटक वनस्पती लावणे, असे उपाय योजले गेले. सुमारे दशकभरात झाडोऱ्याचे आच्छादन १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत वाढले. वाहून जाणारा डबर दर हेक्टरी वर्षाला सुमारे ५५० टनांवरून १० टनांच्या खाली आला, आणि पावसाळ्यानंतर ओढा वाहण्याचा काळ सुमारे ६० दिवसांवरून २४० दिवसांवर गेला. मूळची जंगलमाती परत आली नसतानाही केवळ आच्छादन परतल्याने उताराचे वर्तन किती बदलते, हे या प्रयोगातून दिसून आले.

वापर व संधारण

या मृदांचा सर्वांत सुरक्षित वापर म्हणजे वन व नियंत्रित चराई. शेती करावयाची झाल्यास माती अडवून धरणे ही पहिली अट असते. भूमध्य प्रदेशात त्यासाठी गडगे, म्हणजे चुना-माती न वापरता नुसत्या दगडांवर दगड रचून केलेल्या भिंती, बांधून त्यांच्या आड माती साठवण्याची व पायऱ्यापायऱ्यांची शेते करण्याची प्राचीन परंपरा आहे. शेतातील दगड कमी होणे व भिंत उभी राहणे ही दोन्ही कामे त्यात एकदम साधतात. शिवाय भिंतीच्या फटींतून जादा पाणी निघून जात असल्याने ती पाण्याच्या दाबाने कोसळत नाही. स्पेनच्या मायोर्का बेटावरील सेरा दे त्रामुंताना या चुनखडकी पर्वतरांगेतील ऑलिव्हची पायरीशेती २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने आठ युरोपीय देशांतील गडगे रचण्याच्या कलेस अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. गडग्यांची डागडुजी थांबली की पायऱ्या ढासळतात व शतकांची साठवलेली माती काही पावसाळ्यांत निघून जाते. म्हणून डोंगराळ भागांतून होणारे स्थलांतर हाही येथे मृदासंधारणाचाच प्रश्न ठरतो.

ऑलिव्ह, द्राक्ष, बदाम व अंजीर ही खोल मुळांची झाडे भेगांतील ओलाव्यावर तगत असल्यामुळे अशा जमिनीत वार्षिक पिकांपेक्षा अधिक यशस्वी ठरतात. लागवडीच्या वेळी चूनासहिष्णु खुंट निवडणे, सेंद्रिय खते देणे, दगडांचे व पाल्याचे आच्छादन राखणे आणि नांगरट टाळणे हे उपाय उपयुक्त असतात. वनीकरणात सर्वत्र सारख्या अंतरावर खड्डे घेण्याऐवजी जेथे मातीचा कप्पा आहे तेथेच रोप लावणे श्रेयस्कर ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा असल्यामुळे येथे खऱ्या अर्थाने चुनखडकी पर्वतउतार नाहीत. सह्याद्रीच्या उतारांवरील उथळ, मुरमाड मृदा दिसण्यात काहीशी सारखी असली, तरी तिची घडण बेसाल्टपासून झालेली आहे. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत चुनखडकाचे मोठे साठे आहेत. परंतु ते मुख्यतः सखल प्रदेशात असून त्यांचा उपयोग सिमेंट उद्योगासाठी होतो. राज्यात ज्यांना ‘चुनखडीयुक्त जमिनी’ म्हणतात, त्या बहुधा बेसाल्टजन्य काळ्या मातीत चुन्याचे खडे किंवा भुकटी साचून झालेल्या असतात. त्यांचा रेंडझिनाशी उगमाचा संबंध नसला, तरी लोह व फॉस्फरस यांची कोंडी ही अडचण दोहोंत समान आहे. विदर्भातील संत्र्याच्या व पश्चिम महाराष्ट्रातील द्राक्षाच्या बागांत पाने पिवळी पडण्याचे ते एक परिचित कारण होय.

हेही पाहा

चुनखडक
कार्स्ट भूरूपे
मृदेची धूप
मृदासंधारण
दून खोरे
ह्यूमस